दुकानातली तयारी

वाद्य पारखायच्या निमित्ताने दुकानात येऊन आपली तयारी दाखवत बसणारा वादक मुंबईत भेटतो तसा लंडनमध्येही भेटतो. संगीतात ‘तयारी’ हा मानाचा शब्द आहे. वर्षानुवर्षांच्या रियाजाने हाताला आलेली सफाई आणि गती म्हणजे तयारी, आणि तिची जागा मैफलीत आहे. दुकानात मात्र ती परक्या वाद्यावर, आजूबाजूच्यांनी मान वळवून बघावे अशा बेताने मांडली जाते, तेव्हा तिचा भार सगळ्यांवर पडतो. मालक, कारागीर, शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक, साऱ्यांनाच हातातले काम थांबवावे लागते. दुकानात विकायला ठेवलेली वाद्ये डोळ्यांना दिसतात. ती निवडायला जी शांतता लागते ती दिसत नाही, आणि हा वादक तीच संपवून टाकतो.

वाद्यांच्या दुकानांना आपापले वातावरण असते. मुंबईत धोबीतलावाला, जेर महाल इमारतीच्या परिसरात, ते फार जुने आहे. इथल्या ‘फुर्टाडोस’ची सुरुवात १८६५ सालची. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांना उतरायला गावागावांचे ‘कूड’, म्हणजे सामायिक निवास, याच भागात होते आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या सामानात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट असे. पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोंयकार वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. लंडनमधली डेन्मार्क स्ट्रीट ही जेमतेम शंभर मीटरची गल्ली आधी गाण्यांच्या प्रकाशकांची आणि मग गिटारच्या दुकानांची म्हणून ओळखली गेली. रोलिंग स्टोन्सच्या पहिल्या अल्बमचे बरेचसे ध्वनिमुद्रण १९६४ मध्ये याच गल्लीतल्या एका छोट्या स्टुडिओत झाले. मिरजेची गोष्ट आणखी वेगळी. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सतारींकडे वळले आणि त्यांच्यामागून सतारमेकरांची अख्खी वस्तीच उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे दुकान आणि कारखाना असा भेद फारसा नसतो. पुढे बैठक, मागे रंधा आणि कानस, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले भोपळे.

तयारी दाखवण्याच्या तऱ्हा वाद्यागणिक बदलतात. गिटारच्या दुकानात आल्या आल्या इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली जाते, आवाजाची खुंटी उजवीकडे जाते आणि सगळ्यांच्या ओळखीचे काहीतरी सुरू होते. डीप पर्पलचे १९७२ सालचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ आणि लेड झेपेलिनचे १९७१ सालचे ‘स्टेअरवे टू हेवन’ या दोन गाण्यांच्या सुरुवाती गिटारच्या दुकानांत इतक्या वेळा वाजल्या आहेत, की १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटात दुकानदार नायकाला थांबवून भिंतीवरची पाटी दाखवतो. त्या पाटीवर ‘स्टेअरवे टू हेवन’ला मनाई लिहिलेली असते. ड्रमवाल्याला अ‍ॅम्प्लिफायरचीही गरज नसते. कीबोर्डवाला वाद्यातच भरून ठेवलेला ताल सुरू करून त्यावर दोन्ही हात पळवतो. तबल्याच्या दुकानात जोडी पुढे ओढून, ती सुरात आहे की नाही हे न बघता थेट रेला सुरू होतो, चक्रदार तिहाई येते आणि समेवर मान वर करून कोण ऐकत होते याचा अंदाज घेतला जातो. सतारीवर आलाप वगळून एकदम ‘झाला’ हा शेवटचा द्रुत भाग सुरू होतो. या सगळ्यांत एक साम्य आहे. वाजवले जाते ते हात बसलेले, पाठ झालेले असते. ते कुठल्याही वाद्यावर तसेच वाजेल, त्यामुळे पुढ्यातल्या वाद्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गोंगाट वाढत जाण्यामागे ध्वनीचे आणि कानाचे साधे नियम आहेत. भोवती आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, हे फ्रान्समधले कानाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. वाद्य हातात असलेल्याचेही तेच होते. एका कोपऱ्यातली गिटार मोठी झाली की दुसऱ्या कोपऱ्यातला आपली थोडी आणखी मोठी करतो, मग पहिला पुन्हा. दोघांनाही आपण केवळ स्वतःला ऐकू येण्यापुरते वाढवले असे प्रामाणिकपणे वाटत असते. दुसरा नियम असा की मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, आणि खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना अधिकच झाकतो. वाद्याची खरी ओळख मात्र या बारीक आवाजांतच असते. मूळ स्वरावर जे उपस्वर उमटतात त्यांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे एक तानपुरा दुसऱ्याहून वेगळा वाटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तबला-मृदंगासारख्या वाद्यांवर १९२० मध्ये आणि तानपुरा, वीणा यांच्या घोडीवर १९२१ मध्ये लिहिले ते या उपस्वरांबद्दलच. शाईच्या लेपामुळे चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात आणि तबला ‘बोलतो’. शेजारी गिटार गर्जत असताना हे बोलणे ऐकणे अशक्य होते.

याचा सर्वांत मोठा फटका नवख्याला बसतो. पहिले वाद्य घ्यायला आलेला मुलगा किंवा मुलगी बहुधा आई-वडिलांबरोबर येते. बजेट ठरलेले असते. मालक भिंतीवरची गिटार उतरवून तिच्या हातात देतो. तिला येत असतात तीन-चार कॉर्ड, तीही बोटे बघून बघून लावायची. तेवढ्यात पलीकडच्या स्टुलावरून सुरांचा लोट येतो. तिची बोटे तारांवर टेकतात, पण ती तार छेडत नाही. वडील म्हणतात, “वाजवून बघ ना.” ती मान हलवते आणि म्हणते, “हीच घेऊ या.” गिटार पिशवीत जाते. तिच्या तारा फ्रेटपासून गरजेपेक्षा उंच आहेत का, कुठे खरखर येते का, हे घरी गेल्यावर कळणार असते. तारा उंच असल्या की नवख्याच्या बोटांच्या टोकांना फोड येतात, आणि अशा कितीतरी गिटार काही महिन्यांत कपाटावर जाऊन पडतात. बुजून पारख न करता घेतलेले वाद्य ही दुकानात घडणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे, कारण तिच्यामुळे एखाद्याचे शिकणेच थांबू शकते.

दुसरा फटका तिथे दिवसभर उभे राहणाऱ्या नोकरांना बसतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक काळ राहू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा करावा, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे पुरतात. बंद खोलीतला ड्रमसेट जोरात वाजवला तर ही पातळी सहज ओलांडतो. गिऱ्हाईक वाजवून निघून जाते, नोकर संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.

तिसरा फटका कारागिराला, आणि तो समजायला त्याचे काम जवळून बघावे लागते. तबल्याच्या पुडीच्या कडेने विणलेल्या गजऱ्यात वादी सोळा ठिकाणी ओवलेली असते. या सोळा घरांत एकच सूर लागला पाहिजे. कारागीर एका घराजवळ चाटेवर बोट मारतो, ऐकतो, समोरच्या घराजवळ मारतो, पुन्हा ऐकतो. सूर उतरलेला असेल तिथे गजऱ्यावर हातोडीचा हलका ठोका वरून बसतो, चढलेला असेल तिथे खालून. फरक केसाएवढा असतो आणि तो मोजायला त्याच्याजवळ कानाखेरीज दुसरे साधन नसते. तानपुऱ्याची जवारी काढणे याहून नाजूक. घोडीचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने घासायचा, तार छेडायची, तारेखालचा सुताचा दोरा किंचित पुढे-मागे सरकवायचा आणि तारेतून भरलेला, रुंद, लांबत जाणारा स्वर सुटेपर्यंत हे करत राहायचे. घासणे जास्त झाले तर परत भरता येत नाही. अशा वेळी बैठकीवर कोणी झाला सुरू केला की कारागीर कानस खाली ठेवतो. तो काही बोलत नाही, कारण गिऱ्हाईक दुखावले तर पोटावर येते. वाजवणाऱ्याला ते मौन दाद वाटते.

वाद्य खरोखर पारखणाऱ्याचे वागणे याच्या उलट असते. तानपुरा घ्यायला आलेली गायिका तो मांडीशी घेते, चारही तारा सावकाश छेडते आणि शेवटच्या खर्जाचा षड्ज विरून जाईपर्यंत थांबते. मग तेच पुन्हा. तबलजी जोडी समोर ठेवून चाटेवर एक ‘ना’ वाजवतो, मैदानात एक ‘तीं’, डग्ग्यावर एक ‘घे’, आणि प्रत्येकाची आस किती टिकते ते ऐकतो. पेटी घेणारा एकही पट्टी न दाबता भाता दाबून हवा कुठे गळते ते बघतो आणि मग अगदी कमी हवेवर एकेक सूर उठतो का ते तपासतो, कारण भरपूर हवा दिली की दोषी सूरही बोलतात. गिटार घेणारा प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा तरी वाजवतो. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी निम्मी होते, म्हणून तिथे दाबून वाजवलेला स्वर आणि तिथेच बोट नुसते टेकवून काढलेला स्वर एक यायला हवा. ते जुळले नाहीत तर ती गिटार वरच्या भागात बेसूर राहणार. ट्रम्पेटवाले पुष्कळदा आपले माउथपीस खिशात घालून येतात, म्हणजे बदलते ते फक्त वाद्य. या सगळ्यांत वाजवण्यापेक्षा थांबण्याला वेळ अधिक जातो. जाणत्या दुकानदाराला गिऱ्हाइकाची योग्यता या थांबण्यावरून कळते.

तरीही तयारी दाखवणाऱ्याकडे केवळ रागाने बघणे अन्यायाचे होईल. त्याच्या घरी बहुधा तसे वाद्य नसते. भाड्याच्या खोलीत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला ड्रम किंवा मोठा अ‍ॅम्प्लिफायर वाजवता येत नाही. मैफलीचे बोलावणे येत नाही. कित्येक वर्षे एकट्याने केलेला रियाज कोणीतरी ऐकावा ही ओढ खरी असते आणि दुकान हे त्याला फुकट मिळालेले व्यासपीठ असते. दुकानांनीही अशा मुलांकडून पुष्कळ घेतले आहे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे ड्रमचे दुकान होते. ते स्वतः ड्रम वाजवत आणि शिकवत. तिथे येणाऱ्या पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर अशा तरुण गिटारवाल्यांना बाजारात मिळत होता त्याहून दणकट आवाज हवा होता. त्यांचे म्हणणे ऐकून १९६२ मध्ये त्या दुकानासाठी पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, आणि पुढच्या दशकांतल्या रॉक संगीताचा आवाज त्यातून घडला. त्या मुलांना पहिल्याच दिवशी हाकलले असते तर हे झाले नसते. मात्र ती मुले दुकानदाराला काहीतरी सांगत होती, विचारत होती, वाद्याचे काय कमी पडते ते ऐकून बोलत होती. तयारी दाखवणे आणि शोध घेणे यांतला फरक एवढाच आणि इतका मोठा आहे.

दुकानांनी यावर आपापले उपाय काढले आहेत. मोठ्या दुकानांत काचेची बंद खोली असते, कीबोर्डला आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमला हेडफोन जोडलेले असतात, महागडी वाद्ये विचारल्याशिवाय हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर टांगलेली असतात. लहान दुकानांत मालकाचे शब्दच उपयोगी पडतात. “दादा, जरा हे गिऱ्हाईक बघतो, मग तुमचे निवांत ऐकू,” एवढे आदराने म्हटले तर बहुतेक जण थांबतात. काही दुकानदार याहून पुढे जातात. चांगला हात असलेल्या वादकाला ते नवख्याच्या वाद्याकडे बोलावतात आणि ते तपासून द्यायला सांगतात. तो गिटार घेतो, तारांची उंची बघतो, बारावा फ्रेट दाबतो, हळू आवाजात दोन कॉर्ड वाजवून ती मुलीच्या हातात परत देतो आणि म्हणतो, “ही चांगली आहे. आता तू वाजव.” ती वाजवत असताना तो गप्प उभा राहतो. त्याच्या तयारीचा दुकानात होऊ शकणारा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.