समुद्राच्या अंगाची कण्हेर

दापोलीहून हर्णैकडे जाणारा रस्ता आसूदच्या बागांतून खाली उतरू लागला, की घाटावरच्या माणसाच्या नाकाला आधी ओल लागते आणि मग मीठ. आसूदला पोफळी एवढ्या दाट, की भर दुपारीही सावलीतून जावे लागते. पुढे हर्णैला पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो. तिथून आंजर्ले, केळशीपर्यंत माडांच्या आणि पोफळींच्या वाड्या समुद्राला लागून आहेत. शेती खात्याच्या नोकरीतली सहा वर्षे मी या पट्ट्यात काढली. या जानेवारीत पुन्हा गेलो, तो मुद्दाम एक कुंपण पाहायला.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा या वाड्यांची काय दशा झाली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पन्नास-पन्नास वर्षांचे माड मुळासकट आडवे आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडलेल्या. नवी रोपे मिळाली, लावलीही. पण मोठ्या झाडांचा आडोसा गेल्याने खारा वारा सरळ आत शिरायचा आणि कोवळी पाने टोकाकडून करपायची.  जास्वंद लावली तर शेळ्या ठेवत नाहीत. केवडा माजला की सापकिरडाच्या भीतीने बायका तिकडे फिरकत नाहीत. मग मी सांगितले, समुद्राच्या अंगाला कण्हेर लावा.

कण्हेर मला लहानपणापासून ठाऊक. आमच्याकडे घाटावर ओढ्यानाल्याच्या खडकांत ती आपोआप वाढते. पावसाळ्यात पुराखाली वाकते, उन्हाळ्यात तापल्या दगडांत उभी राहते. संस्कृतात तिला करवीर म्हणतात. कोल्हापूरचेही तेच जुने नाव. पार भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्यापर्यंत हिचे मूळ घर आहे. जपानमधल्या हिरोशिमा शहराने तिला आपले फूल मानले आहे, कारण १९४५च्या अणुबॉम्बनंतर त्या जळक्या जमिनीत आधी फुललेल्या झाडांत ती होती. अशा चिवट झुडपाला खाऱ्या वाऱ्याचे काय? पान जाड, चामड्यासारखे आणि बारमाही हिरवे. पुळणीची वाळूही तिला चालते. पाणी साचलेली जागा मात्र मानवत नाही.

लावणीला खर्च असा नाहीच. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब, अर्धवट जून काडी घ्यायची, खालची पाने काढायची आणि तिचा निम्मा भाग मातीत जाईल अशी लावायची. बाटलीतल्या पाण्यातसुद्धा मुळे फुटतात. कुंपणाला दोन ते तीन फुटांवर एक काडी पुरे. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घाला, पुढे फारशी गरज नाही. पहिल्या वर्षी शेंडे खुडले की झुडूप बुडापासून भरते. २०२१च्या पावसाळ्यात एका गावातल्या सात-आठ वाड्यांनी अशी कण्हेर लावली. पांढरी, गुलाबी, थोडी लाल. दोन वर्षांत ती डोक्याएवढी झाली. आतली माडाची रोपे तरारली. गणपतीला परसातलीच फुले मिळू लागली.

इथवर सगळे सांगताना मला बरे वाटते. पुढचे सांगणे भाग आहे.

२०२३च्या दिवाळीनंतर एका घरी कुंपणाची छाटणी झाली. फांद्या गडग्यावर टाकल्या, त्या वाळल्या. कोकणात गोठ्यात जनावरांखाली पातेरा घालतात, हे तुम्हाला माहीत असेल. घरच्या सुनेने अंगण झाडले, आंब्याफणसाच्या पातेऱ्याबरोबर ती वाळलेली पानेही गोळा केली आणि गोठ्यात पसरली. सकाळी गाय चारा खाईना, हगवण लागलेली, पाय लटपटत होते. डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली आणि गाय गेली. घरात दूध विकून शाळेची फी भरणारी ती एकच गाय.

मी भेटायला गेलो तेव्हा घरच्या आजी ओटीवर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ''साहेब, लावायचं कसं ते तुम्ही सांगितलंत. तोडलेल्याचं काय करायचं, ते नाही सांगितलंत.''

खरे होते. कण्हेरीचे पान, फूल, काडी, मूळ, सगळे विषारी, हे मी कॉलेजात शिकलो होतो. मोठ्या जनावराला १० ते २० पानेही जीवघेणी ठरू शकतात. विष थेट हृदयावर जाते. आमच्याकडची शेरडे कण्हेरीला तोंड लावत नाहीत, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ओले पान कडू असते म्हणून जनावर टाळते. वाळले की कडूपणा कमी होतो, विष तसेच राहते. हा फरक सांगायचा मी विसरलो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिचेही तसेच. तिच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका.

त्या गावाने कण्हेर उपटली नाही. मला वाटले होते उपटतील. आता छाटणीच्या दिवशी जनावरे दूर बांधतात, फांद्या मोजून गोळा करतात आणि समुद्राच्याच अंगाला खड्ड्यात पुरतात. बंबात नाही, चुलीत नाही, राबातही नाही, कारण धूरही वाईट. गोठा आणि डोण यांच्या बाजूला जी चार झुडपे होती, ती मात्र काढली. छाटून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी भाकरीला हात लावत नाही. कुणाही जनावराने चुकून खाल्लेच, तर घरगुती औषधात वेळ घालवू नये, त्याला चालवू-पळवू नये, पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे आणि काय खाल्ले ते स्पष्ट सांगावे.

कुंपण मी नीट फिरून पाहिले. शेंड्यांवर थोडा पिवळा मावा होता. पाण्याचा जोराचा फवारा दिला की तो जातो. दोन-तीन पानांखाली चांदीचा मुलामा दिल्यासारखे चकचकीत कोष लटकत होते. पांढऱ्या ठिपक्यांच्या काळपट फुलपाखराचे ते. त्याची अळी कण्हेरीचे विष पचवते. आजींचा नातू ते मला लांबूनच, हात मागे बांधून दाखवत होता.

गोठ्यात नवी पाडी होती. निघताना मी गुलाबी कण्हेरीच्या चार काड्या मागितल्या, गावाकडच्या घरासाठी. आजींनी कोयती घेतली, पण तोडण्याआधी विचारले, ''साहेब, तुमचा गोठा कुठल्या अंगाला आहे?''