मुकटा आणि डिनर जॅकेट

जेवायला काय केले आहे, हा प्रश्न जगातल्या बहुतेक नवऱ्यांनी आपल्या बायकांना विचारला असेल. पण जेवायला नेसायचे काय, हा प्रश्न फार थोड्या जागी पडतो. त्यातली एक जागा आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती म्हणजे आमच्या आजोबांच्या घरातले माजघर. दुसरी अजून पाण्यावर तरंगते आहे. ती म्हणजे मोठ्या प्रवासी बोटीवरचे भोजनगृह. सोवळे मोडले म्हणून अर्ध्या पानावरून उठणारे आमचे आजोबा आणि काळा बो बांधून सुपाची वाट पाहणारा साहेब, यांचे काही नाते असेल असे मला कधी वाटले नव्हते. ते मला अटलांटिक महासागरावर, भर पाण्यात समजले.

अमेरिकेतल्या आमच्या चिरंजीवांनी हट्टाने आम्हा दोघांना साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला विमानाऐवजी बोटीने नेले. बोट म्हणजे क्वीन मेरी टू. 2004 साली पाण्यावर आलेली आणि अजूनही ही वाट नेमाने करणारी. सात रात्रींचा प्रवास. या बोटीवर संध्याकाळी सहा वाजले की जग बदलते. दुपारी डेकवर पाय पसरून घोरणारा माणूस सहानंतर ओळखू येत नाही. एरवीच्या रात्री नीटनेटका पोशाख पुरतो, पण काही रात्री समारंभाच्या असतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी संध्याकाळचा लांब झगा घालावा, असा संकेत आहे. ज्याला हे जमत नाही त्याला कोणी उपाशी ठेवत नाहीत. त्याच्यासाठी हाताने वाढून घ्यायची वेगळी जागा उघडी असते. मात्र मुख्य भोजनगृहाचे दार त्या रात्री त्याचे नसते.

हा कागद वाचून मी थोडा गंभीर झालो. आमच्या मंडळींवर काही परिणाम दिसला नाही.

"अहो, त्यात एवढे काय? खाली लिहिले आहे ते वाचा की. आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाखही चालतो. माझी पैठणी आहे, तुमचा बंद गळ्याचा कोट आहे. झाले!"

आणि खरोखरच झाले. ती पैठणी नेसून जिना उतरू लागली तेव्हा वर येणाऱ्या दोन मडमा कठड्याला धरून बाजूला उभ्या राहिल्या. तासभर आरशापुढे बोशी झटापट करून आलेले पुरुष मी त्या रात्री पाहिले, आणि पाच बटणे लावून मोकळा झालेला मी स्वतःवर खूष होतो.

पण हा सारा थाट बोटीवर आला कुठून? बोटींचा जन्म झाला तेव्हा तो नव्हता. क्यूनार्ड कंपनीची पहिली ब्रिटानिया 1840 साली अटलांटिक ओलांडून गेली, तेव्हा दुधासाठी बोटीवर गाय बांधलेली असे. 1842 साली चार्ल्स डिकन्स याच बोटीने अमेरिकेला गेला आणि हाल हाल होऊन पोचला. पोटात अन्न टिकण्याची मारामार, तिथे पोशाखाची काय कथा! पुढे बोटी मोठ्या झाल्या, हेलकावे कमी झाले, विजेचे दिवे आले, आणि श्रीमंत माणसाला बोटीवरही आपले शहरातले हॉटेल हवेसे वाटू लागले. 1935 साली निघालेल्या नॉर्मंडी या फ्रेंच बोटीचे पहिल्या वर्गाचे भोजनगृह 305 फूट लांब होते. त्याला एकही खिडकी नव्हती. समुद्र दिसू नये आणि माणसे दिसावीत, अशीच ती योजना म्हणायची. जिना उतरत खाली यायचे आणि उतरताना सगळ्यांनी आपल्याकडे पाहायचे. पोशाख नसता तर त्या जिन्याचे प्रयोजनच उरले नसते.

या कायद्यातही एक माणुसकीची पळवाट होती. पहिल्या आणि शेवटच्या रात्री पोशाखाची सक्ती नसे. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसतात आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असतात. इंग्रज माणूस नियम कडक करतो, पण ट्रंकेचा विचार करून करतो.

डिनर जॅकेट हे सुद्धा मुळात आरामाचे कापड आहे, हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. पूर्वी रात्रीच्या जेवणाला मागे लांब शेपट्या असलेला कोट घालीत. विलायतेच्या युवराजांना, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डना, 1865 साली लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने बिनशेपटीचा आखूड कोट शिवून दिला, तो घरगुती जेवणासाठी. तोच पुढे अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वस्तीवरून त्याला टक्सीडो हे नाव मिळाले. म्हणजे कालचा ढिलेपणा हा आजचा शिष्टाचार. आजच्या ढिलेपणाला नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आणि या पोशाखाच्या पोटावर जो रुंद रेशमी पट्टा असतो, तो तर सरळ आपला आहे. त्याला इंग्रजीत जे म्हणतात तो आपला कमरबंद. फारसीतून आपल्याकडे आलेला, हिंदुस्थानातल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी उन्हाळ्याला कंटाळून जाकिटाच्या जागी बांधलेला. तांबड्या समुद्रात बोट शिरली आणि घामाच्या धारा लागल्या, की साहेबमंडळी कोट उतरवीत आणि नुसता पांढरा सदरा आणि कमरबंद एवढ्यावर जेवायला बसत. त्या वेषाला नावच तांबड्या समुद्राचे पडले आहे. आमचा कमरबंद त्यांच्या टेबलावर बसला, पण कमरबंदाच्या मुलखातली माणसे त्या टेबलावर कशी बसली, ही गोष्ट मात्र एवढी गमतीची नाही.

4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून एक तरुण बोटीने विलायतेला निघाला. त्याला एकोणिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. काटा-सुरी कशी धरतात ते त्याला ठाऊक नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नव्हता. म्हणून तो टेबलावर गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर खोलीत बसून त्याने दिवस काढले. बोटीवर तो काळा सूट घालीत असे आणि उतरताना घालायचा म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्याने जपून ठेवला होता. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला तो उतरला, तेव्हा साऱ्या धक्क्यावर पांढरे कपडे घातलेला तो एकटाच होता. सामान पुढे गेलेले, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलायचीही सोय नाही. हे सारे मोहनदास गांधी यांनी स्वतःच आत्मकथेत सांगितले आहे. हेच गृहस्थ 1931 साली राजपुताना बोटीने गोलमेज परिषदेला गेले तेव्हा अंगावर पंचा होता, आणि त्याच वेषात ते बादशहाच्या राजवाड्यात चहाला गेले. या दोन प्रवासांच्या मध्ये त्रेचाळीस वर्षे होती. कपड्याची भीती जायला एवढी वर्षे लागतात, आणि माणूस गांधींएवढा असावा लागतो.

आमच्या आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आपला पोशाख आणि आपला आहार सोडणार नाही असे त्यांनी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत आधीच सांगून टाकले होते. वय अठरा. लुगडे नेसून महासागर ओलांडणाऱ्या त्या मुलीची आठवण मला पैठणीचे कौतुक होत असताना झाली, आणि ते कौतुक किती स्वस्तात मिळाले हेही कळले.

पण नुसते साहेबाला नावे ठेवून सुटका नाही. आमच्या माजघरात काय चालले होते? आजोबा दुपारी बाराला आंघोळ करून मुकटा नेसत. तो मुकटा उंच दांडीवर वाळत असे आणि काठीनेच काढला जाई. आम्ही मुले शाळेतून आलो की, "अरे, तो सदरा काढून ये आधी!" अशी हाक येई. साहेब जेवणासाठी कपडे चढवीत होता, आम्ही उतरवीत होतो, एवढाच फरक. हेतू तोच. बाहेरचे जग उंबऱ्याबाहेर ठेवून अन्नाला सामोरे जायचे. त्यात एक चांगुलपणा होता, हे मी आजही नाकारणार नाही. पाटाभोवती रांगोळी, चित्राहुती, अंगावर रेशीम : रोजचा वरणभात त्या अर्ध्या तासात प्रसादासारखा होई.

आमचा गडी मात्र मागच्या पडवीत जेवत असे. काय नेसून आलास, असे त्याला कोणी कधी विचारले नाही. तो पंगतीतच नव्हता, तर त्याला पंगतीचा कायदा कशाला? जुन्या बोटींवरही नेमके हेच होते. पहिल्या वर्गाला डिनर जॅकेटची सक्ती, आणि खाली तिसऱ्या वर्गात देशांतराला निघालेल्यांना कसलीच सक्ती नाही. पोशाखाचा कायदा कोणाला जाचतो हे आपण पाहतो. तो कोणाला लागूच नाही, हे पाहायचे राहून जाते. आमच्या मुकट्याने आणि त्यांच्या जॅकेटाने राखणदारीचे एकच काम केले, आणि आमच्याकडे तर पैसे मिळवून वरच्या वर्गाचे तिकीट काढायचीही सोय नव्हती.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, साष्टीकडला निघाला. आम्ही मराठीत बोलतो आहोत हे ऐकून तो कोंकणीत आला. त्याचा आजोबाही बोटीवर होता. हे काही नवल नव्हे. पी. अँड ओ.च्या बोटींवर वाढपी आणि आचारी म्हणून गोवेकरांच्या पिढ्या गेल्या. धोबीतलावच्या कूडांमध्ये ते पुढची बोट मिळेपर्यंत राहत. त्यांना गोव्यात तारवटी म्हणतात. मी त्याला विचारले, "बाबा, या पोशाखाच्या रात्री तुला कशा वाटतात?" तो हसून म्हणाला, "अंकल, तुमची पोशाखाची रात आठवड्यातून दोनदा. माझी रोज, तीन वेळां." सात-आठ महिन्यांचा करार, सकाळ, दुपार, संध्याकाळ कडक इस्त्री. पोशाख आवडला नाही म्हणून दुसरीकडे जेवायला जायची सोय भोजनगृहात त्याला एकट्यालाच नव्हती.

आणि तरीही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या शेजारी लीड्सचे एक गृहस्थ बसत. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. डिनर जॅकेट भाड्याने आणले होते, पण त्यात ते एखाद्या उमरावासारखे दिसत. त्यांनी पत्नीसाठी खुर्ची मागे घेतली ती अशा अदबीने, की आमच्या मंडळींनी माझ्याकडे एकदा पाहून घेतले. एकेकाळी त्यांच्या आजोबाला त्या जिन्यावर पाऊल ठेवता आले नसते. तो जिना ते आज ताठ मानेने उतरत होते, आणि त्यासाठी तो काळा कोट त्यांना हवा होता. 'सगळे कसेही या' असे कोणी म्हटले असते, तर त्यांची ती रात्र हिरावली गेली असती.

आता तसे म्हणणारे पुष्कळ झाले आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली पोशाखाची आणि ठरल्या वेळेची सक्ती उठवली, आणि इतर कंपन्याही थोड्याफार त्या वाटेने गेल्या. 2021 पासून आपल्या मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे कॉर्डेलियाची बोट जाऊ लागली, तिथे बोची चौकशी कोणी करत नाही. जैन जेवण मिळेल का याची चौकशी मात्र होते. आपल्या देशात जमिनीवरही हा वाद मिटलेला नाही. वेष्टी नेसून आलेल्या न्यायमूर्तींना चेन्नईच्या एका क्लबात आत सोडले नाही, आणि त्यावरून 2014 साली तामिळनाडूने कायदाच केला की देशी पोशाखासाठी दार अडवता येणार नाही. मला तो कायदा आवडला. त्यात पोशाखाला बंदी नाही, अडवण्याला आहे.

माझे मत विचाराल तर जेवायला नटून यावे. दिवसभर ज्या कपड्यांत कटकट केली, त्याच कपड्यांत पानावर बसू नये. समोरच्याला वाटावे की आपल्यासाठी या माणसाने थोडे कष्ट घेतले. पण हे ज्याचे त्याने करावे. दुसऱ्याच्या अंगावर काय आहे याची झडती जेवणापूर्वी घेऊ नये. आणि यजमानाला नियम करायचाच असेल तर बोटीवरच्या त्या जुन्या पहिल्या रात्रीचा करावा. पाहुण्याची ट्रंक अजून उघडली नसेल, असे धरून चालावे. पुष्कळांच्या ट्रंका पिढ्यान् पिढ्या उघडलेल्या नाहीत, आणि काहींच्या जवळ तर ट्रंकच नव्हती.