तिसरी हाक

“ती वाचते,” असं त्या मुलीनं सांगितलं आणि माझं पुढचं सगळं चालणं त्या एका क्रियापदात अडकलं.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. मी लेकीकडे बंगळूरला आले होते. तिला सुट्टी मिळेना, म्हणून तिनंच माझं नाव एका पायी फेरीत नोंदवून टाकलं होतं. बसवनगुडीपासून व्ही. व्ही. पुरमपर्यंत चालायचं, वाटेत भुताखेतांच्या गोष्टी ऐकायच्या आणि तिथलं खायचं. आम्ही अकरा जण होतो. वाट दाखवणारी मुलगी पंचविशीच्या आतली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि गोष्ट सांगताना ऐन ठिकाणी थांबायची तिला सवय होती. ब्यूगल रॉकच्या खडकावर आम्ही टेकलो. माथ्यावर केंपेगौडाच्या काळातला टेहळणीचा बुरूज, झाडांना वटवाघळं लटकलेली, आणि अंधार पडताच ती एकेक करून सुटायला लागलेली. तिथं तिनं पिशवीतून खडू काढला आणि दगडावर कन्नडात दोन शब्द लिहिले. नाळे बा. उद्या ये.

१९९० च्या दशकात बंगळूरच्या वस्त्यावस्त्यांतून घरांच्या दारांवर हे लिहिलेलं असायचं. रात्री एक बाई दार ठोठावते. घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते, आईच्या, बहिणीच्या, नवऱ्याच्या. दार उघडलं की संपलं. कुणी म्हणे ती चेटकीण, कुणी म्हणे नवरा शोधत फिरणारी नवरी. दारावर ‘नाळे बा’ असलं की ती थांबते, वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. २०१८ साली आलेल्या ‘स्त्री’ या हिंदी सिनेमानं हीच गोष्ट मध्य प्रदेशातल्या चंदेरीला नेऊन ठेवली, तेव्हा ती देशभर झाली.

मला माहीत असलेल्या भुतांत वाचता येणारी बाई एकही नाही. हडळ आहे, जखीण आहे, पाण्यातल्या आसरा आहेत, लावसट आहे. ब्रह्मसमंध तेवढा पोथ्या वाचलेला, पण तो पुरुष. आणि ही बाई लिपी ओळखते, वाक्याचा अर्थ लावते, त्यावर विश्वास ठेवते आणि दिलेल्या वायद्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी हजर होते. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पाटी असायची, ‘आज रोख, उद्या उधार’. ती पाटी वाचून दुसऱ्या दिवशी खरोखर उधारी मागायला गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. ही जाते. त्या खडूच्या अक्षरांकडे पाहताना मला तिची भीती वाटेना. माझ्या मराठी कानाला तर ‘नाळे’मधली नाळच ऐकू येत राहिली.

खडकाशेजारीच दोड्ड बसवण्णाचं देऊळ. नंदी एका अखंड दगडातला, सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब, तेलालोण्यानं काळा झालेला. गोष्ट अशी की या माळावर भुईमुगाची शेतं होती आणि रोज रात्री कुणीतरी पीक खाऊन जायचं. शेतकऱ्यांनी पाळत ठेवली, बैल सापडला, एकानं सोट्याचा घाव घातला. बैल जागच्या जागी दगड झाला. पण दगड वाढतच राहिला. शेवटी त्याच्या कपाळावर त्रिशूळ ठोकला तेव्हा कुठं थांबला. भुकेल्या जनावराला मारलं याची रुखरुख गावाला लागली आणि पहिलं पीक त्याला द्यायचं ठरलं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे भरते ती त्यासाठी, शेंगांची जत्रा. रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. आम्ही गेलो तेव्हा जत्रा उलगली होती, फुटपाथच्या फटींत टरफलं तेवढी होती. मुलीनं प्रत्येकाच्या ओंजळीत भाजक्या शेंगा दिल्या. दाणे बारीक आणि गोड. दगड होऊनही वाढत राहणारी भूक या गोष्टीत आहे, म्हणून मला ती दार ठोठावणाऱ्या बाईच्या गोष्टीइतकीच आवडली.

गांधी बझारात विद्यार्थी भवन. १९४३ पासूनचं. वेटर एका हातावर मनगटापासून दंडापर्यंत ताटल्यांची उतरंड रचून येतो. डोसा जाड, वरून कुरकुरीत तांबूस, आत मऊ, लोण्यात न्हालेला. चटणी पातळ आणि हात न आखडता वाढलेली. मला स्वतःला घरचं जाळीदार, मऊ घावन जवळचं, पण ही चटणी मी तीनदा घेतली. त्यानंतरची कॉफी छोट्या स्टीलच्या पेल्यात, ओठ भाजेल इतकी गरम. कॉफी अशीच असावी.

तिथून चालत सज्जनराव सर्कल आणि पुढं व्ही. व्ही. पुरमची तिंडी बीदी, म्हणजे खाऊगल्ली. संध्याकाळ झाली की तव्यांची रांग पेटते. अक्की रोटी, पड्डू, मिरचीची भजी, होळिगे. आणि डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांत वरचढ असतो अवरेकाई, आपल्या वाल-पावट्याचा सख्खा भाऊ. थंडीच्या धुक्यात वाढलेल्या शेंगांना एक चिकट, तेलकट वास असतो, आणि तो वास बोटांना लागला तरच शेंग खरी, असं इथले लोक मानतात. डोशात अवरे, उपम्यात अवरे, अक्की रोटीत अवरे, तळून तिखटमीठ लावलेले अवरे. एका गाडीमागे एक म्हातारी बाई पातेल्यात हात घालून बसली होती. भिजलेला दाणा चिमटीत धरायची, दाबायची, दाणा सालीतून सटकन निसटून परातीत पडायचा. याला इथं ‘हितकिद’ म्हणतात, दाबून काढलेला. मी तिथंच उभी राहिले. बाकीचे दहा जण पुढं गेले.

चिपळूणच्या पुढं, वस्तीची एस.टी. रात्री येऊन मुक्काम करायची अशा एका गावात आमचं घर होतं. बिरड्याचा बेत ठरला की आजी वाल भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायची, आणि जेवणं उरकल्यावर माजघरात कोमट पाण्याचं पातेलं घेऊन बसायची. कंदील मध्ये, परात पुढ्यात, भोवती आम्ही पोरं. डाळिंबी सोलताना मोड मोडता कामा नये. मोडला तर आजी रागवायची नाही, ती डाळिंबी उचलून वेगळ्या वाटीत टाकायची. त्या वाटीत आपलं काही पडू नये यासाठी आमची सगळी धडपड चाललेली असायची. बाहेर रातकिडे, वाडीतल्या पोफळींची सळसळ. मग लांबून गाडीची घरघर यायची, चढणीवर गिअर बदलल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं अंगणातून हाक.

“आई, कडी काढ गं.”

काका यायचा मुंबईहून. आवाज काकाचाच. पण आजीचा हात पातेल्यातून निघायचा नाही. आम्हीही जागचे हलायचो नाही. दुसरी हाक यायची. आजी एक डाळिंबी सोलायची, आणखी एक सोलायची. तिसरी हाक आली की मग हात पदराला पुसून म्हणायची, “आले रे.” माणूस नाही ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक मारायला जिवंत माणूसच लागतो. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं.

काका या नियमात वाढलेला. तो कधी चिडला नाही. एका श्रावणात तो नखशिखान्त भिजून आला होता, डोक्यावर ट्रंक होती. तरी त्यानं तीन हाका मारल्या, दोन हाकांमध्ये नेहमीइतकंच अंतर ठेवून. आतून मला ते अंतर ऐकू येत होतं. पावसात उभा राहून तो आईला मोजायला वेळ देत होता.

परत जाताना तो पहाटेच्या गाडीनं निघायचा, अंधारातच. आजी त्याच्याबरोबर बिरड्याचा डबा द्यायची, कधी पुरणपोळ्यांचा, कधी सुक्या मटणाचा. डब्याच्या झाकणाखाली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, चुलीतला एक विझलेला कोळसा. अंधारात अन्नाचा वास निघाला की ज्यांना कुणी वाढत नाही ते मागं लागतात. कोळसा पाहिला की ते मागं फिरतात. काका मुंबईला पोचल्यावर तो कोळसा काढून ठेवायचा, टाकायचा नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीत एका डब्यात असे कितीतरी कोळसे साठले होते, असं मी नंतर ऐकलं. ऐकलं ते त्याचं सामान घरी आलं तेव्हा.

तो गेल्यानंतरच्या वर्षी मी नववीत होते. आजी वाल सोलत होती. आता सोलायला मी एकटीच असायची, बाकीची पोरं पांगली होती. गाडीची घरघर आली, चढणीवर गिअर बदलला. थोड्या वेळानं आजीचा हात थांबला. “आले रे,” म्हणाली, पदराला हात पुसले, उठली आणि कडी काढली. हाक आली नव्हती, एकही नाही. दाराबाहेर अंगण, तुळस, पायरीवर पाणी, आणि खाली स्टँडवर कुणीतरी गाडीचे दिवे मालवत होतं. ती दार उघडं ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग कडी लावून येऊन बसली आणि पातेल्यात हात घातला. आईनं माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बिरडं झालं. तिन्हीसांजेला आजीनं एक वाटी भरून पडवीत नेऊन ठेवली. मी जाऊन पाहिलं. वाटीवर कोळसा नव्हता.

त्यानंतर ती सगळ्यांच्याच पहिल्या हाकेला ओ द्यायला लागली.

गाडीमागच्या म्हातारीनं मला सोललेले चार दाणे हातावर ठेवले, कच्चेच. मी खाल्ले. मग ती मुलगी मला शोधत आली.

शेवटची गोष्ट तिनं सगळ्यांना गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसवून सांगितली. केंपेगौडानं सोळाव्या शतकात बंगळूरचा मातीचा किल्ला बांधायला काढला. एका वेशीचं काम दिवसभर चालायचं आणि रात्री ढासळायचं. गरोदर बाईचा बळी हवा, असं सांगितलं गेलं. केंपेगौडाला ते सोसेना. त्याची सून लक्ष्मम्मा गरोदर होती. ती रात्री एकटी उठून गेली आणि तिनं तिथं स्वतःचा जीव दिला. सकाळी वेस उभी होती. तिची गुडी, म्हणजे देऊळ, कोरमंगलात आहे, आता भोवती काचेच्या कचेऱ्यांची दाटी झाली आहे. याच शहराची जहागीर १६३८ नंतर शहाजीराजांकडे आली. जिजाऊ आणि बालशिवाजी इथं राहून गेले. मराठी माणूस बंगळूरला आला की हे अभिमानानं सांगतो, मीही सांगते. लक्ष्मम्माचं नाव मात्र मी त्या कट्ट्यावर पहिल्यांदा ऐकलं.

कन्नडात ‘केरेगे हार’ नावाचं एक जुनं लोकगीत आहे. त्यातही सून आहे, भागीरथी. तळं खणलं, पाणी लागेना, धाकट्या सुनेचा बळी ठरला. सगळं घर तळ्यावर जातं, गंगेची पूजा करतं, तिथंच जेवतं. परतताना सोन्याची वाटी मागं राहते. ती आणायला भागीरथीला पाठवतात, आणि पाणी चढत जातं. नवरा लढाईवरून परत येतो आणि त्याच तळ्यात उडी घेतो. मला या गोष्टीत त्या वाटीपलीकडे जाता येत नाही. जेवून उठलेले लोक, उष्टी पानं, आणि काठावर मुद्दाम विसरलेली वाटी. कोकणात अशा बायकांना निदान अवसेला दहीभात मिळतो, वाटेच्या वळणावर भाकरतुकडा मिळतो. ‘उद्या ये’ म्हणून परतवलेल्या बाईला कुणी कधी काही वाढलं का, हे मी त्या मुलीला विचारलं. ती नेहमीसारखी थांबली. या वेळी मात्र तिच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

फेरी संपली, माणसं रिक्षा शोधायला लागली. मी लेकीसाठी दोन होळिगे घेतल्या. पुरण तव्यावरच थापलेलं, तूप सोडलेलं, कागदातून वास बाहेर येत होता. साडेनऊ वाजले होते. घर लांब होतं. मी चुली शोधल्या, पण सगळीकडे गॅस. शेजारी भज्यांच्या गाडीवर मिरच्यांची टोपली होती, फिकट हिरव्या, लांब. मला कन्नड येत नाही. मी मिरच्यांकडे बोट केलं, मग हातातल्या पुड्याकडे, मग वर अंधाराकडे. गाडीवरच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी उचललेली भज्यांची मिरची तिनं माझ्या हातातून काढून घेतली आणि मान हलवली. खालच्या डब्यात हात घालून चटणीसाठी ठेवलेली एक बारीक, गडद, तिखट मिरची काढली. पुडा स्वतः उघडला, होळिगेवर ती आडवी ठेवली आणि कागद घट्ट दुमडून दिला. मी पैसे पुढं केले ते तिनं घेतले नाहीत.