उसवलेलं कव्हर
कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडून किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी मागवली होती. पार्सल आलं तेव्हा खोक्याचा कोपरा पार चेपलेला. उघडून बघतो तर कव्हरची वरची कड चार बोटं उसवलेली आणि त्या फटीतून तबकडीची काळी किनार बाहेर आलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, सरळ परत पाठव. पूर्ण पैसे मोजलेत ना आपण?" तिचं म्हणणं रास्त होतं. तरीही मी लगेच हो म्हटलं नाही.

आधी तबकडी तपासली. ट्यूबलाइटखाली तिरपी धरून दोन्ही बाजू हळूहळू फिरवल्या. जुन्या रेकॉर्डवर केसासारखे बारीक ओरखडे असायचेच. नखाला लागेल असा एकही नव्हता. मग ती टर्नटेबलवर ठेवली, खाली वाकलो आणि तिच्या पातळीला डोळे आणून फिरताना बघितली. पार्सल उन्हात तापत पडलं, की रेकॉर्ड वाकते आणि सुई लाटेवरच्या होडीसारखी वर-खाली व्हायला लागते. ही सपाट होती. भूपची बाजू लावली, पूर्ण ऐकली. सुरुवातीला थोडी चरचर, पुढे आवाज स्वच्छ.

म्हणजे मार बसला होता तो फक्त कव्हरला. हे असं का होतं ते रेकॉर्ड जमवणाऱ्यांना पाठ असतं. पार्सल कडेवर आपटलं, की खोका थांबतो, पण आतली तबकडी त्याच वेगानं पुढे जाते आणि तिची कड पुठ्ठ्याचा जोड कापून काढते. त्यावरचा उपायही साधा आहे. तबकडी आतल्या कागदी पाकिटासह कव्हरच्या बाहेर काढायची, कव्हरला लागून ठेवायची, दोन्ही मिळून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि दोन्हीकडून जाड पन्हळी पुठ्ठे लावायचे, एकाच्या पन्हळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. पाच मिनिटांचं काम. ते न केल्यामुळे किती चांगली कव्हरं वाया जात असतील, या विचारानं मला खरोखर त्रास होतो.

"गाणं ऐकायचंय ना, मग पुठ्ठ्याचं काय एवढं?" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. एलपीच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या बहुधा साध्या कागदी पाकिटात यायच्या. बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि जी काय माहिती ती लेबलावर. एलपीमुळे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि कव्हरच्या पाठीवर रागाबद्दल चार ओळी, बंदिशीचे शब्द, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे सगळं छापायला जागा झाली. कितीतरी साथीदारांची नावं मी पहिल्यांदा वाचली ती तिथेच. त्यामुळे कव्हर फाटलं म्हणजे माझ्या लेखी वस्तूचंच नुकसान झालं.

तरी ती परत पाठवली नाही. परत पाठवायची म्हणजे जिच्यावर खोल ओरखडा नाही अशी तबकडी पुन्हा अख्खा देश ओलांडून न्यायची. तीच गोदामं, तीच फेकाफेक. कव्हर तर फाटलेलंच राहणार, वर तबकडीही जायची. आणि अशी दुसरी प्रत त्या विक्रेत्याकडे नव्हती. मी त्याला खोक्याचे, कडेचे फोटो पाठवले, तबकडी उत्तम आहे हेही कळवलं, आणि किमतीतला काही भाग परत मागितला. त्यानं कुरकुर न करता दिला.

नव्या रेकॉर्डचा न्याय मात्र वेगळा. एका मोठ्या संकेतस्थळावरून १८० ग्रॅमची नवी आवृत्ती मागवली होती. ही तबकडी जड, म्हणून कव्हर कापायचा धोकाही जास्त. तरी बबल रॅपचा तुकडासुद्धा नाही. दोन कोपरे मुडपलेले. ती मी त्याच दिवशी परतीला लावली. तशा प्रती त्यांच्याकडे होत्या आणि नव्याची किंमत मी नव्या मालासाठीच मोजली होती. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात. हा हक्क वापरताना संकोच कशाला करायचा?

किशोरीताईंच्या कव्हरला मी सेलोटेप लावली नाही. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक छपाईत उतरतो. बुकबाइंडर वापरतात तशी गव्हाच्या पिठाची खळ केली, पातळ कागदाची पट्टी आतून चिकटवली आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली. तबकडी आता कव्हरमागे वेगळ्या पाकिटात असते. कोलकात्याच्या त्याच विक्रेत्याकडे दुसरी एक एलपी सांगून ठेवली आहे. सोबत पॅकिंग कसं करायचं ते रेखाटन काढून पाठवलं आणि पन्हळी पुठ्ठ्याचे पैसे वेगळे देईन असं लिहिलं.