कुठला सिंह दाबू?

माझ्या पहिल्या आयफोनवर परंड्याची तोफ होती. आता ती परंड्याची राहिलेली नाही म्हणा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलुखमैदान तोफ आमच्या भुईकोट किल्ल्यात आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. तिच्या तोंडाशी सिंहासारखा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती. विजापूरला काढलेल्या फोटोतून तेवढा जबडा कापून मी क्रिकेटचा धावफलक दाखवणाऱ्या संकेतस्थळाला लावला होता. तोफच का, हे क्रिकेटवाल्यांना सांगायला नको.

तो आयफोन थ्रीजी पुण्यात जुना म्हणून घेतलेला. ऑगस्ट २००८ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत एकतीस हजार होती. नवा घेण्याचा प्रश्नच नव्हता. संकेतस्थळाची खूण फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवायची सोय अ‍ॅपलने जानेवारी २००८ मध्येच दिली होती, म्हणजे अ‍ॅप स्टोअरच्याही आधी. पण त्या खुणेवर चित्र कुठलं, हे संकेतस्थळाचा मालक ठरवणार. सत्तावन्न बाय सत्तावन्न पिक्सेलचा चौकोन त्याने करून ठेवला असेल तर फोन त्याचे कोपरे गोल करी, वर काचेसारखी चकाकी चढवी. ठेवलाच नसेल तर अख्ख्या पानाचा फोटो आक्रसून त्या चौकोनात बसे. मराठी वर्तमानपत्रं, हवामान, बाजारभाव, सगळी तिथे लांबून पाहिलेल्या पंचांगाच्या पानासारखी दिसत. त्यातलं कुठलं कुठे, ते जागेवरूनच ओळखायचं. आपलं चित्र लावायची सोय नव्हती.

जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जेलब्रेकला, म्हणजे कंपनीने फोनला घातलेलं कुलूप तोडण्याला, कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. लगेच ऑगस्टमध्ये ‘जेलब्रेकमी’ची नवी आवृत्ती आली. फोनवरच एक पान उघडायचं आणि पट्टी सरकवायची, बस. पीडीएफ दाखवण्याच्या यंत्रणेत एक भोक राहिलं होतं, त्यातून हे आत शिरे. अ‍ॅपलने दहा-बारा दिवसांत ते बुजवलं. तोवर माझा फोन मोकळा झालेला होता. मग ‘वेबक्लिप्स’ नावाच्या फोल्डरात जायचं. तिथे प्रत्येक खुणेचा एक उपफोल्डर, नाव म्हणजे अक्षर-अंकांची लांबलचक खिचडी. त्यातली ‘आयकॉन’ नावाची चित्रफाइल काढून आपली ठेवायची आणि पडदा नव्याने सुरू करायचा. एवढ्याशा चित्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मित्र विचारत. मला ते फारच आवडे. रेल्वे आरक्षणाला मी बार्शी लाइटचं इंजिन लावलं. ती अडीच फुटी रुळांवरची गाडी तोवर बंद होऊन ब्रॉडगेज आलं होतं, पण कुर्डुवाडी म्हटलं की आमच्या घरात अजून तीच आठवते.

कुलूप तोडण्याचा धोकाही होता. अशा सगळ्या फोनांचा मूळ पासवर्ड एकच असे, ‘अल्पाइन’, आणि तो जगजाहीर होता. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने सोडलेला किडा ज्यांनी तो बदलला नव्हता त्यांच्या फोनांत घुसला आणि पडद्यावर रिक अ‍ॅस्टली या गायकाचा फोटो लावून गेला. स्वतःचं चित्र लावायला दार फोडावं आणि दुसऱ्यानेच आपलं लावून जावं! मी पासवर्ड आधी बदलला, चित्रं मग.

चित्रावरून ओळखणं आमच्या घरात जुनंच. आजीला अक्षर येत नव्हतं. उद्धवराव पाटलांचा शेतकरी कामगार पक्ष तिला ‘खटारा’ म्हणून ठाऊक, काँग्रेस म्हणजे बैलजोडी. १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडी गेली ती गेलीच, पण आजी कितीतरी वर्षं बैलच शोधत होती. निवडणुकीची निशाणी ठरवणाऱ्यांना एक गोष्ट कळलेली होती: चित्र बघणाऱ्याच्या ओळखीचं हवं. आमच्या सरकारी संकेतस्थळांना ती अजून कळायची आहे.

आई परंड्यातच असते. तिला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. तिच्या अँड्रॉइड फोनवर सातबारा, वीजबिल, रेशन अशा खुणा मी ठेवून दिल्या. कुठे राजमुद्रा, कुठे नुसतं इंग्रजी अक्षर. दुसऱ्याच दिवशी फोन: “ह्यातला कुठला सिंह दाबू रं?”

आता कुलूप तोडावं लागत नाही. अँड्रॉइडवर पहिला पडदा मांडणारं लाँचर बदललं की हवं ते चित्र लावता येतं. अ‍ॅपलनेही ‘शॉर्टकट्स’मधून वाट करून दिली, आणि माझी भाची दर सणाला अख्खा पडदा नव्या रंगात नटवते. आईसाठी मी सुट्टीत बसलो. सातबाऱ्याला आमच्या बांधावरची चिंच, रेशनला तिचा गव्हाचा डबा, वीजबिलाला विहिरीवरची मोटार. डबा आणि चिंच तिने लगेच पास केली. मोटार काढायला लावली.

“मोटारीचं बिल निराळं येतं,” म्हणाली, “हे घराचं हाय. फ्यान लाव.”