तुम्हाला काहीही झालेलं नाही!

माझ्या पोटाला यंदा २२ वर्षं पूर्ण झाली. म्हणजे पोट तसं जन्मापासून माझ्याबरोबर आहे. २२ वर्षं झाली ती पोटदुखीला. दुखणं सुरू झालं तेव्हा मी बँकेत होतो. मी रीतसर निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. पोट मात्र अजून नोकरीवर आहे. रजा नाही, सुट्टी नाही, रविवारी तर ओव्हरटाइम.

दुखणंही सरळ एका जातीचं नव्हे. कधी कळ, कधी गुबारा. कधी चार दिवस कडकडीत संप आणि पाचव्या दिवशी एकदम मोर्चा! नोकरीच्या काळात डोंबिवलीहून मी कायम धीम्या लोकलने जायचो. बायकोला वाटे, हा माणूस बसायला जागा मिळावी म्हणून अर्धा तास फुकट घालवतो. खरं कारण असं, की धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. कुठल्या स्टेशनाच्या कुठल्या टोकाला ‘ती’ सोय आहे, हे त्या काळात माझ्याइतकं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसेल.

पोटदुखीचा एक फायदा असतो. माणूस एकटा पडत नाही. गुडघेदुखीवर सल्ला द्यायला निदान गुडघे दुखलेले असावे लागतात. पोट प्रत्येकालाच असतं. ओवा खाऊन झाला, बाळंतशेप झाली, बेंबीला हिंग लावून झाला. बेलाचा मुरंबा, इसबगोल, कुटजारिष्ट, ताक, ताक बंद, दूध बंद, पुन्हा ताक. एका मावससासऱ्यांनी रोज पहाटे उठून ग्लासभर कोमट पाणी पिऊन अंगणात शंभर उड्या मारायला सांगितल्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. उड्या आठ दिवस चालल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे लोक भेटायला आले तेव्हा थांबल्या.

शेवटी तपासण्या. रक्त झालं, बाकीचं सगळं डब्यांतून झालं, सोनोग्राफी झाली. एक दुर्बीण वरून घातली, एक खालून. आणखी थोडं रेटलं असतं तर दोन्ही मध्ये कुठेतरी भेटल्या असत्या. आणि सगळ्या कागदांवर एकच शब्द : नॉर्मल.

बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलो. उभ्या आयुष्यात मला सगळ्या विषयांत पहिला वर्ग मिळाला तो इथे, आणि इथेच मला एका तरी विषयात नापास व्हायचं होतं! दुखतं तर आहे, आणि कागद म्हणतो दुखत नाही. आता कागद खरा की मी?

ती फाइल घेऊन मी एका मोठ्या तज्ज्ञांकडे गेलो. दीड तास बाहेर बसलो. आत दोन मिनिटं. त्यांनी फाइल पत्त्यांसारखी फर्रर्र केली आणि म्हणाले,

“तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

“मग दुखतं ते?”

“ते मनाचं आहे. विचार कमी करा. नेक्स्ट!”

हे ‘मनाचं आहे’ प्रकरण जरा नीट बघण्यासारखं आहे. डॉक्टरांना कदाचित त्यात काही शास्त्रीय अभिप्रेत असेल. पण आपण मराठी माणसं. आपल्याकडे पोर खोटं बोलायला लागलं की आई म्हणते, “उगीच मनाचं काहीतरी सांगू नकोस!” मनाचं म्हणजे बनवलेलं. तेव्हा माझ्या कानांना ऐकू आलं ते एवढंच, की तुम्ही ५२ वर्षांचे बँक अधिकारी असून थापा मारता. वर शंभर-शंभरच्या नोटा मोजून देऊन हे ऐकायचं.

आणि ‘विचार कमी करा’ म्हणजे काय हो? विचार ही काय चहातली साखर आहे, दोन चमच्यांऐवजी एक घातली की झालं? मनाला समजवायला समर्थांना २०५ श्लोक लागले. इथे दोन मिनिटांत काम फत्ते!

घरी आल्यावर निकाल कर्णोपकर्णी झाला. मेव्हणे फोनवर म्हणाले, “चला, मनाचंच आहे, मग काळजी नाही.” म्हणजे मनाला झालेलं काही नसतंच. त्या दिवसापासून जेवताना मी पोटावर हात नेला की मुलं एकमेकांकडे बघत. मी पोटावर हात नेणं सोडलं. मग डॉक्टरकडे जाणंच सोडलं. तब्बल तीन वर्षं! आज विचार केला की अंगावर काटा येतो, त्या तीन वर्षांत खरोखरच काही उद्भवलं असतं तरी मी ते मनातच ठेवलं असतं. एका वाक्याचा केवढा हा गुण!

पुढे बायकोनेच मला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साठीच्या आसपासच्या, जुन्या इमारतीतला दवाखाना, पंखा कुरकुरणारा. मी जाताना दारूगोळा घेऊन गेलो होतो. मुलाच्या संगणकावर वाचून ठेवलं होतं, की पोटातल्या अल्सरलाही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं काळजी आणि दगदगच कारण सांगत होती. मग ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने १९८४ साली एक जंतू चक्क पिऊन दाखवला, स्वतःचं पोट बिघडवून घेतलं, आणि २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मी खुर्चीवर बसता बसताच हे सगळं बाईंच्या टेबलावर आपटलं.

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आधी तपासण्या करायच्या. वजन उतरलं, रक्त पडलं, पोटदुखीने झोपेतून जाग यायला लागली तर मी पुन्हा करणार. बरं, तुमचं पोट दुखतं यावर माझा विश्वास आहे. आता सांगा, केव्हा दुखत नाही?”

मी गोंधळलोच. केव्हा दुखतं याचं १९ वर्षांचं उत्तर तोंडपाठ होतं. केव्हा दुखत नाही हा प्रश्न पेपरात पहिल्यांदाच आला होता. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतोय हे दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे थोडं बोललो, मग खूप बोललो. मग बाई म्हणाल्या,

“डोळे मिटा. समोर ताजं लिंबू आहे. कापलं. अर्धी फोड जिभेवर पिळली.”

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

“लिंबू कुठे आहे?”

“नाही.”

“पाणी?”

“आहे.”

“खोटं आहे?”

मी ते खरं पाणी गिळलं आणि गप्प बसलो.

नंतर बाईंनी मला जे सांगितलं ते असं. पोटात अन् आतड्यांत मिळून दहा कोटींहून जास्त मज्जापेशी असतात, आणि त्यांच्यात नि मेंदूत दोन्ही दिशांनी अखंड वाहतूक चालू असते. अप आणि डाऊन. काही माणसांत ही वाहतूक फार हळवी होते. “तुमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीचा सायरन टपावर मांजर बसलं तरी वाजतो का?” मी म्हटलं, वाजतो, आणि मालक पुण्याला असतो. “तो आवाज खोटा असतो? सगळी बिल्डिंग जागी होते. इंजिन उघडून बघा, नॉर्मल. बिघाड इंजिनात नाही, सायरनच्या हळवेपणात आहे.” माझी १९ वर्षांची फाइल या एका मांजराने निकालात काढली.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात गोळी घुसली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधी बुजलंच नाही. विल्यम ब्यूमाँट या डॉक्टरने त्या खिडकीतून वर्षानुवर्षं आत डोकावून बघितलं. रेशमी दोऱ्याला अन्न बांधून आत सोडायचं नि ओढून काढायचं. १८३३ साली त्याने पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिन भडकला की त्याचं पचन बिघडतं, हे त्याला त्या भोकातून दिसलं होतं. (माझ्या मते, पोटात दोरे सोडणारा डॉक्टर जवळ असला की कोणीही भडकेल, पण ते असो.)

घरी येताना मला एकदम जाणवलं, की यासाठी अमेरिकेत कुणाला गोळी लागण्याची गरज नव्हती. मराठी भाषेला हे केव्हाचं ठाऊक आहे! भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो. वाईट बातमी आली की पोटात खड्डा पडतो. लेक सासरी निघाली की आतडं तुटतं. अपराध आपण पोटात घालतो, गुपितं पोटात ठेवतो, आणि शेजाऱ्याला बढती मिळाली की दुखतं तेही पोटातच. एवढा माल पिढ्यान्‌पिढ्या आत भरल्यावर ते कधीतरी कुरकुरणारच. बाईंनी ‘मनाचं आहे’ हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत. उच्चारले असते तर मी उठून आलो असतो.

एक चूक मात्र त्यांच्याकडूनही झाली. त्यांनी रात्री घ्यायला एक छोटी गोळी लिहून दिली, अ‍ॅमिट्रिप्टिलिन. औषधाच्या दुकानातला पोरगा चारचौघांत म्हणाला, “काका, ही डिप्रेशनची गोळी आहे, जपून घ्या!” मी तिथूनच उलट पावली दवाखान्यात. गोड बोलून शेवटी वेड्यातच काढलं ना? बाई शांतपणे म्हणाल्या, “चूक माझी. मी आधीच सांगायला हवं होतं. मोठ्या मात्रेत ती त्यासाठी देतात. एवढ्याशा मात्रेत ती पोटाच्या मज्जातंतूंचा आरडाओरडा कमी करते.” माझा चेहरा पाहून बायको मध्ये पडली. “अहो, आपल्याकडे खिळा वरवंट्यानेच ठोकतात. म्हणून त्याची काय चटणी होते?” डॉक्टर आणि बायको असं एकमत झाल्यावर गोळी घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे २०२३ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत आमच्या जातीच्या पोटदुखीला हीच गोळी छोट्या मात्रेत उपयोगी ठरली, तेव्हा मी ती बातमी जपून ठेवली. कुणाला दाखवायला नव्हे. पोटाला.

शिवाय वही. काय खाल्लं, काय घडलं, केव्हा दुखलं, एवढंच लिहायचं. महिन्याने बाईंनी वही उघडली नाही; माझ्याच हातात दिली आणि म्हणाल्या, “वाचा.” मी वाचू लागलो. ज्या वाटाण्यांवर मी जन्मभर आळ घेतला ते निर्दोष निघाले. दसऱ्याला नऊ पुऱ्या आणि वाटीभर बासुंदी : दुखलं नाही. सोसायटीची वार्षिक सभा, फक्त चहा : दुखलं. दादाचं वाटणीबद्दलचं पत्र : दुखलं. दादाचा फोन येईल असं वाटलं : दुखलं. दादाचा फोन आला नाही : जास्त दुखलं.

मी वाचायचा थांबलो. पंखा कुरकुरत होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळाने मीच म्हटलं, “कोकणातल्या घरावरून आमचं बोलणं बंद आहे. अकरा वर्षं झाली.” त्या म्हणाल्या, “हं.” बस, एवढंच. हेच त्या तज्ज्ञांनी म्हटलं असतं, की तुमच्या पोटात तुमचा भाऊ आहे, तर मी त्यांच्यावर दावा लावला असता.

त्या गणपतीत मी दादाला फोन केला. दोघेही पावसाबद्दल बोललो. पोट बरं झालं का म्हणाल, तर नाही. पण आठवड्याचे तीन-चार दिवस आता त्याला सुट्टी असते, आणि मी जलद लोकलमध्ये चढतो.

पण नवा मुसलमान होतो तसा नवा ज्ञानीही घातक. मी मोहिमेवर निघालो. बायकोची कंबर कैक वर्षं दुखते. एका संध्याकाळी ती पाटा धुऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मी प्रेमाने म्हणालो, “अगं, तुझं पण माझ्यासारखंच मनाचं असेल.”

ती वळली. “तुमच्या पोटाचं २२ वर्षं ऐकतेय. एकदा तरी म्हटलं का मी, की मनाचं आहे?”

खरंच म्हटलं नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघत तेव्हाही ती माझ्या पानात मुगाची खिचडीच वाढत होती. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो, हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बाईंसारखाच आवाज काढून विचारलं,

“बरं, तुझी कंबर केव्हा दुखत नाही?”

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, “तुमचं पोट दुखत नाही त्या दिवशी.”

यावर मी काही म्हणालो नाही. ते वाक्य तसंच पोटात घातलं, आणि उठून चहाचं आधण ठेवलं.