एरर न देणाऱ्या चुका

क्वेरीने एरर दिली की मला बरं वाटतं. निदान कुठेतरी चुकलंय हे तरी कळतं. माझ्या हातून खरे घोटाळे झाले ते बिनबोभाट चाललेल्या क्वेरींनी.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. महिन्याचा हप्ता न भरलेल्या कर्जदारांची यादी हवी होती. मी कर्जदारांच्या टेबलवर 'नॉट इन' लावलं आणि कंसात भरणा टेबलमधले कर्जदार क्रमांक घेतले. उत्तर आलं, शून्य रो. थकबाकीच नाही! व्यवस्थापक खूश, मीही खूश. वसुली अधिकाऱ्याने मात्र चार नावं तिथल्या तिथे तोंडपाठ म्हणून दाखवली. शोधलं तर भरणा टेबलमध्ये एका रोला कर्जदार क्रमांकच नव्हता. पैसे घेतले, खातं नंतर टाकू म्हणून कुणीतरी तसंच सोडलेलं. म्हणजे नल. एसक्यूएलमध्ये नलशी तुलना केली की उत्तर 'खरं' येत नाही आणि 'खोटं'ही येत नाही, 'अज्ञात' येतं. आणि 'व्हेअर' फक्त 'खरं' ठरलेले रो पुढे सोडतं. त्या एका नलपायी एकही कर्जदार यादीत येणं शक्य नव्हतं. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं असतं तर त्या नलपायी यादी रिकामी आली नसती.

दुसरी चूक अंगाशी आली. ठेवींच्या एकाच योजनेचा व्याजदर बदलायचा होता. की कॉलमवर अट नसलेलं अपडेट मायएसक्यूएल वर्कबेंच अडवतं, ११७५ क्रमांकाची एरर देतं. ती कटकट नको म्हणून सेटिंगमधली सेफ अपडेट्सची टिक मीच काढून टाकली होती. क्वेरी बरोबर लिहिली, पण माउसने सिलेक्ट करताना 'व्हेअर'ची शेवटची ओळ सुटली, आणि वर्कबेंच सिलेक्ट केलेलाच मजकूर चालवतं. सगळ्या ठेवींना एकच दर लागला. ऑटोकमिट चालू असल्याने रोलबॅकचा उपयोग नव्हता. रात्रीच्या बॅकअपमधून जुने दर परत आणेपर्यंत काउंटरवर लोक ताटकळले, आणि मी साहेबांना 'सर्व्हर स्लो आहे' अशी थाप मारली. चुकीपेक्षा ती थाप जास्त टोचते.

आता अपडेट किंवा डिलीटच्या आधी तीच अट लावून सिलेक्ट चालवतो आणि किती रो येतात ते बघतो. मग ट्रान्झॅक्शन सुरू करतो, आणि बदललेल्या रोंचा आकडा जुळला तरच कमिट करतो. नवी मुलं म्हणतात, सर, एवढ्याशा कामाला एवढा सोपस्कार? हो, एवढाच. तुम्हीही ती टिक काढली असेल, तर पुढची क्वेरी लिहिण्याआधी ती परत लावा.